दर शनिवारी गॅरेजात काय करत होतात?

अहो, तुमची गाडी परवा मी बाहेर काढली. तेरावं होऊन आठवडा झाला नाही आणि ही बाई गाडी घेऊन निघाली कुठे, असं खालच्या वॉचमनच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. असू दे. लायसन्स माझ्याकडे आहे आणि शिकवलंत तुम्हीच. गेटातून वळले, पहिला ब्रेक मारला आणि गाडी अशी किंचाळली की समोरच्या मसाल्याच्या दुकानातला माणूस हातातलं माप तसंच धरून बाहेर बघायला आला. पुढे प्रत्येक सिग्नलला तेच. चिंचपोकळीच्या पुलावरून उतरताना एका टॅक्सीवाल्याने काच खाली करायला लावली आणि म्हणाला, "आंटी, ब्रेक दिखाओ किसी को." म्हटलं, दाखवायलाच चाललेय बाबा.

आणि मला राग आला तो तुमचा. जो माणूस दर शनिवारी दोन-दोन तास गॅरेजात काढतो, त्याच्या गाडीचे ब्रेक असे? मग तिथे करत काय होतात तुम्ही?

मला संशय घ्यायला कारण लागत नाही, हे तुम्ही सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं. "हिला देवळात प्रसाद दिला तरी ही आधी वास घेऊन बघेल." सगळे हसायचे. मीही हसायचे, वरवर. माझं सगळं आयुष्य परळला हॉस्पिटलच्या वॉर्डात गेलं. पेशंट "सिस्टर, गोळी घेतली" म्हणाला की त्याची उशी उचलून बघायची सवय मला, आणि उशीखाली गोळी सापडायचीच. तर तुमच्यावरही माझं लक्ष होतं. शनिवारी नाश्ता झाला की तुम्ही किल्ली उचलायचात आणि जेवणाच्या वेळेला परत यायचात. शर्ट धुवायला टाकताना मी नाकाशी धरून बघायचे. ग्रीसचा वास, चहाचा वास. तिसरा कसला वास असता तर बरं झालं असतं, निदान सरळ भांडता आलं असतं.

"त्या हनीफकडे एवढं काय काम असतं?" असं विचारलं की तुमचं एका शब्दात उत्तर, "ब्रेक." ब्रेक काय दर शनिवारी झिजतात?

मला वाटायचं, हनीफ तुम्हाला बनवतोय. गोदीतून रिटायर झाल्यावर तुम्ही ही गाडी घेतलीत, आणि त्यानंतर दोनदा असं झालं की ब्रेकचे पॅड बदलायला गेलात आणि डिस्कही बदलून आलात. पॅड झिजतात हे मलाही कळतं, चपलेचा तळ झिजतो तसे. पण डिस्क ही जाडजूड लोखंडी थाळी, ती इतक्यात कशी जाते? मी म्हटलं, "तो माझगावचा मेकॅनिक तुम्हाला चुना लावतोय." तुम्ही म्हणालात, "हनीफ तसं करणार नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय." तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहिलात आणि हसलात. तुमची ती सवयच झाली होती, मी बोलायला लागले की हातातलं सगळं सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. या वयात नवरा असा टक लावून बघतो म्हटल्यावर बायकोचा राग किती टिकणार. माझा टिकायचा नाही.

आणि तो आवाज. डिस्क गेली त्या दोन्ही वेळांना आधी महिनाभर गाडी अशीच शिट्ट्या मारत होती. घरी आल्यावर मी सांगायचे, "अहो, ब्रेकचा आवाज येतोय." तुम्ही म्हणायचात, "कसला आवाज? मला नाही येत. तुझे कान वाजतात." सबंध लालबागला ऐकू जाणारा आवाज, आणि माझे कान वाजतात म्हणे. मी ओळखलं की हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय. ते का, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

पण माझ्या मनात जे खरं अडकलं होतं ते ब्रेकचं नव्हतं. ते दादरहून येतानाचं होतं. दोन वर्षं ते मी गिळून बसले आणि तुम्ही गेलात. आता तुमच्यापाशी बोलायला लाज कसली, सांगतेच.

माझ्या भाचीच्या दादरच्या लग्नाहून आपण परत येत होतो. दुपारची वेळ, पंगत उशिरा उठली होती, मी पैठणीत घामाघूम झाले होते आणि मठ्ठा जरा जास्तच झाला होता. भाचीच्या पाठवणीला रडून माझे डोळे सुजले होते. परळच्या सिग्नलला गाडी अडकली. समोरच्या बसकडे बघत असताना माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी म्हटलं, "काय हो, परत सगळं पहिल्यापासून करायचं झालं, तर मलाच कराल का?"

असं काही मी तुम्हाला आयुष्यात विचारलं नव्हतं. आपल्याकडे कोण विचारतं. तुमची नजर रस्त्यावर होती. जरा वेळाने मान हलवलीत आणि म्हणालात, "बघतो उद्या."

बघतो उद्या. माझ्या अंगावर कोणी गार पाणी ओतलं असतं तरी चाललं असतं. घरी येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते. तुम्ही एकदा "काय झालं" असंही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सोमवार. तुम्ही चहासुद्धा न घेता गाडी काढून गॅरेजात गेलात. पळालात, असंच मला वाटलं. रात्रभर विचार करून उत्तर द्यायला नको म्हणून सकाळीच पळ काढला. दुपारी परत आलात ते हात काळे करून, आणि चेहरा असा की मोठं काम फत्ते करून आलाय. मला म्हणालात, "झालं. आता काळजी करू नकोस." मी तुमचं ताट असं आपटलं की आमटी सांडली. तुम्हाला ते कळलंच नाही, किंवा कळलं नाही असं दाखवलंत, असं तेव्हा वाटलं.

शनिवार सुरू झाले ते त्यानंतर. म्हणजे बघा, मी कसं जुळवलं होतं. आधी तो प्रश्न, मग "बघतो उद्या", मग दर शनिवारी घराबाहेर. ह्यांना मी नको झालेय, घरात माझ्यासमोर बसवत नाही म्हणून माझगावला जाऊन बसतात. दुसऱ्यांदा विचारावं असं शंभर वेळा मनात आलं. नाही विचारलं. असला प्रश्न एकदाच विचारायचा असतो, दुसऱ्यांदा विचारला की ती भीक होते.

तर परवा मी हनीफच्या गॅरेजात गेले ते भांडायच्या तयारीने. तुम्ही मला तिथे कधी नेलं नव्हतंत. डॉकयार्डच्या बाजूची ती अरुंद गल्ली, एक शटर, बाहेर दोन टॅक्स्या उघड्या पडलेल्या. मी समजत होते तसा हनीफ काही लुच्चा दिसेना, पांढरी दाढी, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. मला बघून हातातलं काम टाकून उठला, "या वहिनी" म्हणाला आणि खुर्ची पुसायला लागला. डोळे भरून आले होते त्याचे. मी म्हटलं, खुर्ची राहू दे, आधी गाडी बघा.

त्याने पुढचं चाक खोललं. खाली वाकून एक चपटा काळा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा बघा वहिनी, पॅड संपला. ह्याला हा बारीकसा पत्रा दिसतो? पॅड झिजत झिजत इथपर्यंत आला की हा पत्रा डिस्कला टेकतो आणि शिट्टी मारतो. मुद्दाम ठेवलेला असतो, मालकाला कळावं म्हणून. शिट्टी ऐकून माणूस आला तर फक्त पॅड जातो. नाय आला तर मग लोखंडावर लोखंड घासतं, घर्र घर्र, आणि डिस्क खल्लास."

मी त्याला तिथेच पकडलं. "मग आमची डिस्क दोनदा का गेली? शिट्टी महिनाभर वाजत होती. मी ह्यांना सांगत होते. हे तुमच्याकडे आले का नाहीत वेळेवर? की आले होते आणि तुम्हीच थांबवलंत?"

 हनीफ फडक्याने एकेक बोट पुसत बसला. असं बोटं पुसणं मी ओळखते. वॉर्डात असं कोणी करायला लागलं की मी उशीच उचलायचे.

"हनीफभाई, इकडे बघा माझ्याकडे. दर शनिवारी ह्यांचं इथे काय चालायचं?"

"काय नाय वहिनी. राऊंड मारायचो गाडीतनं."

"दोन तास?"

"साहेबांनी कसम घातलेली मला."

"कसम घालणारा गेला. बोला आता."

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. मग म्हणाला, "साहेबांना ही शिट्टी ऐकायला यायची नाय. बारीक आवाज कुठलाच नाय. गोदीत जहाजाच्या पोटात पत्रे ठोकून ठोकून कान गेले होते त्यांचे. घरघर सुरू झाली की पॅडलमधनं पायाला समजायची, तेव्हा यायचे. तोवर डिस्क गेलेली असायची. मी पण म्हणायचो, एवढा हुशार माणूस गाडीकडे बघत कसा नाय. मग त्यांनी सांगितलं. त्यानंतर दर शनिवारी ते गाडी चालवायचे आणि मी बाजूला बसून कान द्यायचो. मग इथं चहा, गप्पा. शेवटच्या शनिवारी मीच सांगितलं, साहेब, पत्रा बोलायला लागला, पुढच्या वेळी बदलून टाकू. आणि मग तुमचा फोन आला, हॉस्पिटलात आहेत म्हणून."

अहो, मी तिथल्या एका स्टुलावर बसले. त्याने पुसलेल्या खुर्चीवर बसायचंही सुचलं नाही. मी एकेक गोष्ट आठवून बघायला लागले. क्रिकेटचा आवाज बंद करून बघायचात, म्हणे कॉमेंट्रीवाले डोकं खातात. फोन वाजला की माझ्या हातात द्यायचात, "तुझ्याच कोणाचा असेल." दाराची बेल वाजली तर कधी उठायचा नाहीत, म्हणे दार तुझ्या बाजूला आहे. मला गाडी शिकवलीत तीही गोदीतल्या हातवाऱ्यांनी, तळवा खाली म्हणजे हळू, मूठ म्हणजे थांब. मला ते गमतीचं वाटायचं. आणि ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघणं. त्या बघण्यावर मी इतकी वर्षं फुशारले, आणि तुम्ही तर माझे ओठ वाचत होतात.

मग हॉस्पिटलातलं आठवलं, आणि तिथे मात्र मला रडू फुटलं. आयसीयूत मी तुमच्याशी बोलायला यायचे ते तोंडाला मास्क लावून. नियमच तो, आणि नियम मोडणाऱ्यातली मी नाही. तुम्ही सारखं माझ्या तोंडाकडे बोट करून काढ, काढ अशी खूण करत होतात. मला वाटलं, तुम्हाला तुमचा ऑक्सिजनचा मास्क नकोय. मी सिस्टरच्या आवाजात दटावलं, "नाही काढायचा, गप पडा." तुम्ही हात खाली ठेवलात. मी इतकं बोलले त्या दोन दिवसांत. घरचं सगळं सांगितलं, लवकर बरे व्हा म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. तुम्ही नुसते हसत होतात. मी समाधानाने घरी यायचे, की ऐकलं ह्यांनी सगळं.

हनीफने चहा मागवला. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं? मी नर्स आहे. कानाचं मशीन बसवून घेतलं असतं. लायसन्स जाईल म्हणून घाबरले की काय?"

"ते होतं थोडं," हनीफ म्हणाला. "पण खरं ते नाय. साहेबांचे वडील गिरणीत होते ना, मागावर."

होते. माझे सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते गेलेले होते, मला त्यांचा फक्त फोटो माहीत.

"त्यांचे कान मागाच्या आवाजानं गेलेले. साहेबांची आई ओरडून बोलायची त्यांच्याशी. 'तांदूळ सरले', 'भाडा दिलास काय', सगळ्या चाळीला ऐकायला जायचं. आणि वडील दिवसभर 'काय? काय?' करायचे. दुसरा शब्द नाय, फक्त 'काय?' साहेब म्हणायचे, हनीफ, ज्याच्याशी ओरडून बोलावं लागतं त्याच्याशी माणूस फक्त कामाचं बोलतो. माझ्या आईने आयुष्यात बापाला ओरडून कधी विचारलं नाय, दमलास का. असलं कोण ओरडून विचारणार? म्हणाले, माझी बायको हळू बोलते. वॉर्डातली सवय आहे तिची. तिला कळलं तर ती माझ्याशी मोठ्याने बोलायला लागेल, आणि मग हळू बोलायच्या सगळ्या गोष्टी बंद होतील. अर्धं समजतं तेवढं पुरे मला."

 चहा आला तो तसाच निवला. मी विचारलं, "तुम्हाला कधी सांगितलं त्यांनी हे?"

"दोन वर्षं झाली असतील. एका सोमवारी सकाळी आले, माझं शटर पण उघडलं नव्हतं. म्हणाले, ब्रेक बघ, चारही चाकं खोल. मी म्हटलं, साहेब, दिवाळीच्या आधीच नवे टाकलेत, काय झालं? म्हणाले, काल लग्नाहून येताना ती काहीतरी म्हणाली. गाडी चालवत होतो, तोंड दिसलं नाय, शब्द कळले नाय. पण आवाज काळजीचा होता. ती गाडीत ब्रेकशिवाय कशाची काळजी करत नाय, आणि उगाच बोलणारी नाय ती. मग मीच गाडीतनं चक्कर मारून आलो, सगळं ठीक होतं. तसं सांगितलं तर ऐकेनात. म्हणाले, दोनदा तिने आवाज सांगितला, मी मानला नाय, डिस्क गेली; तू ऐकलंस की नाय मला माहीत नाय, तिने ऐकलंय, बदल. वहिनी, अल्लाशपथ, कोरे पॅड होते. चारी चाकांचे काढून नवे टाकले मी. तिथे त्या स्टुलावर बसून होते पूर्ण वेळ. काम संपल्यावर मग कानाचं सांगितलं मला. म्हणाले, ह्यापुढे ती बोलायच्या आधी मला कळलं पाहिजे, तू ऐकत जा माझ्यासाठी."

मी त्याच स्टुलावर बसले होते.

अहो, दोन वर्षं. दोन वर्षं मी तो सोमवार तुमच्याविरुद्ध धरून ठेवला होता. मी विचारलं काय आणि तुम्ही करून आलात काय. एक शब्द कानावर पडला नव्हता, तरी बायको काळजीत आहे एवढ्यावर चहा न घेता निघालात आणि धडधाकट गाडीची चारही चाकं खोलून बसलात. आणि मी तुमच्यापुढे ताट आपटलं.

हनीफने नवे पॅड बसवले, गाडी खाली उतरवली. किल्ली देताना तो जरा घुटमळला. म्हणाला, "वहिनी, एक विचारू? साहेबांच्या मनात शेवटपर्यंत होतं. त्या दिवशी गाडीत तुम्ही म्हणाला होता काय?"

मी म्हटलं, "ब्रेकचंच."

त्याला बरं वाटलं. "तरी मी त्यांना म्हणायचो, ब्रेकचंच असेल," म्हणाला.

येताना गाडीने चकार आवाज केला नाही. परळचा सिग्नल त्या वाटेवर लागत नाही, पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही तुम्हाला, सांगून ठेवते. माझ्याकडे बघायचात त्यात ओठ वाचणं किती आणि दुसरं काही किती, ह्याचा हिशोब मला कोण देणार आता? हनीफला विचारता येत नाही. पण चाकांचं ऐकल्यापासून त्यातलं निम्मं तरी माझं, असं मी धरून चालले आहे, आणि त्यावर संशय घ्यायचा नाही असं स्वतःला बजावलं आहे.

राग एवढाच आहे, की तुमच्या बापाने दिवसभर म्हटलेला तो शब्द तुम्ही आयुष्यात एकदा माझ्याशी म्हणायचा होतात. परळच्या सिग्नलला, एकदाच. नुसतं "काय?" म्हणायचं. मी चिडले नसते. ओरडलेही नसते. तुमची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं असतं, आणि परत विचारलं असतं, हळूच.